उचल

लक्ष्मीपूजनाच्या आत वाण्याचे खाते साफ झाले पाहिजे, हा आमच्या वडिलांचा दंडक. तो संध्याकाळी नव्या वहीची पूजा करणार, तेव्हा जुन्या वहीत आपले नाव असू नये, एवढाच त्यामागचा अर्थ. वडील गेले, दंडक राहिला. गेल्या दिवाळीत मात्र माझे मानधन (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या पगाराला हे गोंडस नाव आहे) कित्येक महिने अडकलेले, आणि वाणी, दूधवाला, वीज व मुलीची शिकवणी मिळून देणे 20 हजारांचे. घरात कुणाला न बोलता मी एटीएमपाशी गेलो, क्रेडिट कार्ड आत सारले आणि 20 हजार काढले. यंत्राने ना कारण विचारले, ना जामीन मागितला. साऱ्या जळगावात आपल्याइतका अब्रूदार गृहस्थ नाही, अशा थाटात मी बाहेर पडलो.

भाऊबीजेला आम्ही उभयता धुळ्याला बहिणीकडे गेलो. जेवणे झाल्यावर मेहुण्यांनी मला गॅलरीत नेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दादा, पंधरा हजार मिळतील का?" मी मोठ्या ऐटीत माझी युक्ती त्यांना सांगितली. ते कसनुसे हसले. गेले वर्षभर ते तेच करीत होते. एका कार्डाचे बिल आले की दुसऱ्यावरून रोख उचलायची, त्याचे आले की पहिल्यावरून. "एकही तारीख चुकवलेली नाही," हे त्यांनी दोनदा सांगितले.

दर त्यांना तोंडपाठ होते. कार्डावर कापड घेतले आणि पूर्ण बिल वेळेवर भरले तर व्याज पडत नाही. रोख रकमेला ही सवलत नाही, व्याज त्याच दिवसापासून सुरू. 'उचल' म्हटले की मला ऊसतोडीचा मुकादम आठवतो. माझ्या कार्डाचा हिशेब आम्ही तिथेच मांडला. काढण्याचा आकार अडीच टक्के, म्हणजे 500, त्यावर 18 टक्के जीएसटी 90. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 700, त्यावरही जीएसटी 126. महिन्याअखेर 20 हजारांचे 21,416! वर्षाचा दर 42 टक्के. बहिणीच्या ताटात घातलेली पाचशेची नोटही त्याच यंत्रातली होती.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता : एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयेही तो मानीत. कार्डांबाबत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. तेव्हा दाद मागायची सोय तिकडेही फारशी नाही.

परतताना पारोळे मागे पडल्यावर मी एस्टीतच सौ.ला सारे सांगितले. एरंडोल येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "अहो, पाटल्या कपाटात पडूनच आहेत. आणि वन्संना हे ठाऊक आहे का?" ठाऊक नव्हते.

सोन्याच्या या गावात सोने गहाण टाकण्याची मात्र लाज वाटते. यंत्रापुढे वाटली नव्हती, कारण तिथे समोर माणूस नसतो. पाटल्या बँकेत ठेवल्या, कार्डापेक्षा कितीतरी कमी दराने कर्ज मिळाले आणि कार्ड फेडले. धुळ्याला फोन सौ.नेच केला. दोघी अर्धा तास बोलत होत्या. काय, ते मला सांगितले गेले नाही.

पुढे वाण्यापाशी सहज विषय निघाला. तो म्हणाला, "सर, पाडव्याला तुमचं खातं नव्या वहीत ओढलं असतं. आजवर कधी व्याज लावलं का?"

लावले नव्हते. बिनव्याजी देणे फेडायला मी 42 टक्क्यांचे घेतले होते, आणि हे मला, एका पदवीधराला, कळले गॅलरीत!

यंदाही मानधन यायचे आहे. वाण्याला तसे सांगून ठेवले आहे. दोन पाटल्यांपैकी एक सुटली. मेहुण्यांचे एक कार्ड बंद झाले. दुसऱ्याचे काय झाले, ते भाऊबीजेला कळेल.