माझ्या जन्मसालाची बाटली नको

आधीच सांगून टाकतो, हे सगळं मी आमच्या भाचे-पुतणे कंपनीवर चिडून लिहितो आहे. ज्यांना दुसऱ्यांच्या घरच्या भांडणात रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. भांडण वाईनवरून आहे.

झालं असं की माझी पंचाहत्तरी उलटली तरी काकांना "काहीतरी भारी" द्यायचं राहून गेलं, म्हणून या मंडळींनी आपसात एक यादी फिरवली. बोर्दोच्या लाल वाईनची स्वप्नातली सालं! १९४५, १९४७, १९६१, १९८२, १९९०, २०००, २००५, २००९, २०१०, २०१६. आणि तळाशी ठळक अक्षरांत १९४९, म्हणजे माझं जन्मसाल. "काका, एक साल निवडा, आपण सगळे वर्गणी काढून घेऊ." मी विचारलं, घेऊ ते ठीक, पिऊ कधी? उत्तर आलं, "अहो काका, ती प्यायची नसते, ठेवायची असते!"

इथे माझं डोकं फिरलं.

(मास्तर आणि वाईन? असा प्रश्न काहींना पडेलच. लेक गेली सोळा वर्षं तुलूजला राहते. तिथून बोर्दो आगगाडीने दोनेक तासांवर. चारदा जाणं झालं, मेदॉकमधली ती गोट्यागोट्यांची जमीन पायाखाली घालून आलो, आणि तिच्याकडे असलो की जेवताना एक पेला घेतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल ताक प्यावं. मलाही आवडतं.)

आता साल म्हणजे काय? वेली त्याच, जमीन तीच, माणसंही बहुधा तीच. बदलतो तो पाऊस, थंडी आणि ऊन. १९४५ च्या मे महिन्यात बोर्दोत हिमकडा पडला, कोवळे कोंब जळाले, राहिली ती द्राक्षं कडक उन्हात पिकली. माल थोडा, पण काय माल! युद्ध नुकतंच संपलेलं, म्हणून शातो मूताँ रोथशिल्डवाल्यांनी त्या सालच्या लेबलावर विजयाचा 'व्ही' छापला. १९५६ च्या फेब्रुवारीत मात्र अशी थंडी पडली की पोमेरोल, सेंत-एमिलियाँकडच्या वेलीच्या वेली मेल्या. २०१३ मध्ये पावसाने आणि कुजीने हैराण केलं. म्हणजे प्रत्येक साल ही त्या वर्षीच्या शेतकऱ्याची एक हकिगत आहे. ती ऐकायला मला आवडतं. माझी तक्रार हकिगतीबद्दल नाहीच, तिची गुणवत्ता यादी करण्याबद्दल आहे.

गुणांचं म्हणाल तर आयुष्यभर पेपर तपासले आहेत, त्यामुळे या विषयात मला कोणी शिकवू नये. रॉबर्ट पार्कर नावाचे अमेरिकन वकील होते, त्यांनी १९७८ मध्ये वाईनवर पत्रिका काढली आणि वाईनला शंभरपैकी गुण द्यायला लागले. १९८२ च्या सालाची त्यांनी तोंड भरून स्तुती केली, ती खरी ठरली, आणि मग जग त्यांच्या गुणांवर भाव ठरवू लागलं. पण त्यांची गुणपट्टी सुरू होते ५० पासून! कोरा पेपर ठेवून उठलेल्यालाही पन्नास. आमच्या शाळेत असं केलं असतं तर मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं असतं. त्याहून गंमत म्हणजे हे गुण पहिल्यांदा दिले जातात द्राक्षं तोडल्यानंतरच्या वसंतात, वाईन अजून पिंपातच असताना. बाटलीत भरायला वर्ष-दीड वर्ष बाकी, पण गुण जाहीर, भाव जाहीर, पैसे आगाऊ! मूल रांगायला लागलं नाही तोवर त्याचा दहावीचा निकाल. २०१२ मध्ये शातो लातूरने (आपलं लातूर नव्हे) या आगाऊ विक्रीतून अंग काढून घेतलं. त्यांचे हिशेब काहीही असोत, पण हे शहाणपणाचं वाटलं.

आणि "शतकातलं सर्वोत्तम साल" हे बिरुद १९८२ ला मिळालं, २००० ला मिळालं, २००५ ला मिळालं, २००९ लाही मिळालं. एका शतकाला किती सर्वोत्तम?

१८५५ ची ती प्रसिद्ध प्रतवारी तरी काय होती? तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी केलेली यादी, आणि प्रत ठरली मुख्यतः बाजारभावावरून. फी जास्त म्हणून शाळा चांगली, असला न्याय! पहिल्या वर्गात तेव्हा चार होते: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. पाचवं मूताँ १९७३ मध्ये वर चढलं. त्याच सालच्या त्यांच्या बाटलीवर पिकासोचं चित्र आहे. आतली वाईन मात्र, जाणकारांच्याच मते, बेताची. पण लोक घेतात. लेबल कोण पिणार आहे, देव जाणे.

"ठेवायची असते" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. १९८५ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात १७८७ ची लाफीत म्हणून एक बाटली १,०५,००० पौंडांना गेली. थॉमस जेफरसनची म्हणे, काचेवर त्यांची आद्याक्षरं कोरलेली. घेणारे फोर्ब्ज कुटुंब. त्यांनी ती काचेच्या पेटीत दिव्याखाली मांडली. दिव्याच्या उष्णतेने बूच सुकलं आणि आत पडलं! पुढे ती जेफरसनची होती का, यावरच मोठी शंका उभी राहिली. दुसरे एक गृहस्थ, रुडी कुर्नियावान, घरच्या घरी साध्या वाईनी मिसळून जुनी लेबलं चिकटवायचे. २०१३ मध्ये दोषी ठरले, २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. मला विचाराल तर त्यांचा धंदा इतकी वर्षं चालला याचं एक कारण साधं आहे. बऱ्याच बाटल्या कोणी उघडतच नव्हतं. प्यायची नाही म्हटल्यावर आत काय आहे याला कोण विचारतो?

आता माझ्या १९४९ कडे वळू. साल चांगलं होतं हे खरं. उन्हाळा कडक, पाऊस कमी. पण त्या वर्षी बोर्दोत ऊन पडलं यात माझं काय कर्तृत्व? मी तेव्हा तासगावात पाळण्यात होतो. पंचाहत्तर वर्षं ओलांडलेलं बूच, गळ्यापासून खांद्यापर्यंत उतरलेली वाईन, वाटेत किती तळघरं आणि किती हात. नशीब असेल तर अमृत, नसेल तर व्हिनेगर. बरं, उघडली तरी एका बाटलीत सहा पेले. आपण जमणार चौदा जण. उरलेल्या आठांनी काय वास घ्यायचा?

उलट टोकाला २०१६. मेदॉकमधली थोर घराणी, काबर्ने सोव्हिन्योंचा भरणा, तुरटपणा दांडगा. तिला मऊ व्हायला वीस-पंचवीस वर्षं द्यावीत असं सांगतात. म्हणजे साधारण २०४०. तेव्हा मी असेन ९१ वर्षांचा, असलो तर! पोरांनो, तुम्ही मला भेट देताय की माझ्यामागे वाटून घ्यायची इस्टेट करताय? रागावू नका. पण "काकांच्या नावाने ठेवू" हे वाक्य मी माझ्या पिढीच्या घराघरात ऐकलं आहे. चांगली भांडी कपाटात, चांगल्या चादरी ट्रंकेत, आणि माणसं गेल्यावर सगळं पहिल्यांदा बाहेर. आमच्या आईची पैठणी तिने चारदा नेसली असेल. मला तो प्रकार वाईनमध्येही नको आहे.

आणखी एक. ज्या बोर्दोत या दहा-पंधरा नावांच्या बाटल्या तिजोरीत बसल्या आहेत, तिथेच साधी वाईन करणारा शेतकरी बाग उपटतो आहे. फ्रान्समध्ये लाल वाईन पिणं कमी झालं, चीनची मागणी घसरली, माल पडून. २०२३ च्या योजनेत वेली काढून टाकायला हेक्टरी ६,००० युरो देऊ केले. मी द्राक्षाच्या मुलखातला माणूस, बागेला कुऱ्हाड लावणं म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागत नाही. त्या माणसाची वाईन आज पिण्यासारखी आहे. पण ती कुणाच्या यादीत नाही.

तर माझी निवड ऐका. मला हवी आहेत ती मागच्या बाकावरची सालं. २००० च्या गाजावाजात झाकलं गेलेलं २००१. २००३ चा भाजून काढणारा उन्हाळा आणि २००५ चं कौतुक यांच्यात चेंगरलेलं २००४. जगभर मंदी असताना बाजारात आलेलं २००८. आणि २०१४, ज्याच्या पाठोपाठ २०१५-१६ ने सगळी वाहवा नेली. अशी मुलं मी वर्गात खूप पाहिली आहेत, थोरल्या भावंडामुळे झाकली गेलेली. पुढे हीच भेटायला येतात.

नावच हवं असेल तर मूलिस गावची शातो शास-स्प्लीन, २००१. नावाचा अर्थ उदासी पळवणारी. भाषेच्या मास्तरला एवढं पुरे. ती १८५५ च्या यादीत नाही. वर्गणीत एका १९४९ ऐवजी तिच्या पेट्या येतील, आणि आता ती पिकून तयार आहे.

एक लाड मात्र करा. सोतेर्नच्या बाजूला बारसाकमध्ये शातो कुते आहे, तिची २००१ ची अर्धी बाटली आणा. द्राक्षांवर एक बुरशी धरते, तिच्यामुळे त्यातलं पाणी उडून जातं आणि उरतो तो मध. सोतेर्नवाले फार हट्टी. साल मनासारखं नसेल तर बाटलीच काढत नाहीत, शातो दीकेमने २०१२ ला काढली नाही. ही गोड वाईन लालपेक्षा जास्त टिकते, म्हणून पंचवीसेक वर्षांची चालेल. पुरणपोळीच्या जवळ मात्र तिला नेऊ नका, दोघींचं पटत नाही.

तेव्हा १९४९ ची चौकशी चालू असेल तर थांबवा. मे महिन्यात सगळे तुलूजला जमतोच आहोत, पेट्या तिथेच मागवा, विमानातून वाहून आणू नका. लेकीकडे पेले आठच आहेत, सहा कुणीतरी आणावेत. आणि पुतण्या, तू तुझी ती यादी घेऊन आलास तरी चालेल, पण जेवणानंतर काढ.