निकाल, बाजार आणि वऱ्हाडातली बचत

अमरावती आणि अकोल्याने लोकसभेसाठी २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान केले. देशाचे मतदान संपले १ जूनला. त्याच संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधाऱ्यांच्या पदरात भरघोस बहुमत टाकले आणि सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला. मंगळवारी, ४ जूनला, मतमोजणीत ते बहुमत दिसेना. सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळून ७२,०७९ वर बंद झाला. शुक्रवारी तोच ७६,६९३ वर, नव्या उच्चांकावर होता. अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे जिंकले, अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे. शेजारच्या दोन मतदारसंघांनी वेगवेगळे कौल दिले, पण दोन्हीकडच्या गुंतवणूकदारांना धक्का एकाच दिवशी बसला.

बाजार सरकारला नव्हे, अंदाज चुकण्याला घाबरतो. १७ मे २००४ रोजी अनपेक्षित सत्तांतरामुळे सेन्सेक्स एका दिवसात ११ टक्क्यांनी घसरला. २००४ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीलाच २००९ मध्ये अनपेक्षितपणे भक्कम जागा मिळाल्या, तेव्हा १८ मे रोजी तो १७ टक्क्यांनी चढला. अपेक्षित निकाल भावात आधीच मिसळलेला असतो. ४ जूनलाही सरसकट सगळे शेअर पडले नाहीत. सरकारी खर्चाच्या आशेवर फुगलेले सार्वजनिक बँका आणि वीज-वित्त कंपन्यांचे शेअर आपटले. साबण-तेल विकणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हरचा भाव मात्र वाढला.

तीन दिवसांत बाजार सावरला, मग नुकसान झाले कोणाचे? ज्याला त्याच दिवशी विकावे लागले, त्याचे. जूनचा पहिला आठवडा वऱ्हाडात पैसे लागण्याचाच असतो. मृग तोंडावर येतो, बियाण्या-खताची खरेदी सुरू होते, मुलांचे प्रवेश असतात. पेरणीची रक्कम ज्याने ‘निकालापर्यंत दोन पैसे सुटतील’ म्हणून शेअरमध्ये ठेवली, त्याला शुक्रवारपर्यंत थांबण्याची मुभा नव्हती. वर्षा-दोन वर्षांत लागणारा पैसा निवडणूक असो वा नसो, शेअर बाजारात ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांची एसआयपी पंधरा वर्षांनंतरच्या गरजेसाठी आहे, त्यांनी निकालासाठी हप्ता थांबवण्याचेही काही कारण नाही. ऑप्शनची गोष्ट वेगळी. निकालाआधी अनिश्चिततेमुळे प्रीमियम चढलेले असतात आणि ती सरताच उतरतात, त्यामुळे दिशा बरोबर ओळखणाराही तोट्यात जाऊ शकतो. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले, असे सेबीच्याच पाहणीत दिसले.

पण वऱ्हाडातली मोठी गुंतवणूक डीमॅट खात्यात नाही, ती शेतात आणि गोदामात आहे. निवडणुकीचा खरा परिणाम तिथे नंतरच्या निर्णयांतून पोहोचतो. सरकारचा शपथविधी ९ जूनला झाला आणि २१ जूनला तूर-हरभऱ्यावर साठामर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचा २०० टनांहून जास्त साठा ठेवता येईना. अकोल्याच्या डाळ उद्योगाला सेन्सेक्सपेक्षा ही बातमी जवळची होती. विधानसभेच्या तोंडावर सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लागले. प्रचारात सोयाबीनला सहा-सात हजारांचा भाव देण्याची आश्वासने दोन्ही बाजूंनी झाली. हमीभाव ४,८९२ रुपये होता. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, तरी खुल्या बाजारातला दर पुढचे अनेक आठवडे हमीभावाच्याही खालीच राहिला.

आश्वासनाच्या भरवशावर सोयाबीन घरात ठेवणे हीसुद्धा गुंतवणूकच आणि तिची जोखीम शेअरपेक्षा कमी नाही. उलट इथे पुढच्या भावाचा अंदाज देणारे साधनही नाही, कारण सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये स्थगित झाले. ते नीट देखरेखीखाली पुन्हा सुरू व्हायला हवेत. तोवर बाजार समित्यांमार्फत चालणारी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना अधिक शेतकऱ्यांपर्यंत जायला हवी. तीत सोयाबीन किंवा तूर गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. रब्बीचा खर्च त्यातून निघाला, तर निकालानंतरच्या पडत्या दरात माल काढण्याची सक्ती उरत नाही.