विमान तासाभराचं, पण निघायचं कुठून?

सोलापूर-मुंबई विमान १५ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालं आणि आमच्या जळकोटात टपरी-टपरीवर एकच बोलणं: मुंबई आता तासाभरावर! आकडा खरा आहे, पण होटगी रोडच्या धावपट्टीशेजारी राहणाऱ्यासाठी. माझं खत-बियाण्यांचं दुकान हायवेला लागून. इथून सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. नळदुर्गपर्यंत वडाप, पुढं एसटी, स्टँडवरून रिक्षा, वर विमानाआधी दीड-दोन तास हजेरी. मुंबईत उतरलं की बॅगांची वाट बघा, मग ट्रॅफिकशी झुंजा. तासाभराच्या उड्डाणात अर्धा दिवस खपला. रात्री जेवून सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसलेला गडी झोपेतच मुंबईला पोचतो आणि सकाळी कामाला लागतो.

विमान नको असं मी म्हणत नाही. या धावपट्टीसाठी २०२३ साली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा सोलापुरात केवढं रान पेटलं होतं! एवढं करून आलेलं विमान टिकलंच पाहिजे. पण उड्डाणाची मिनिटं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी माणूस विमानापर्यंत पोचतो कसा, तेही बघावं. विमानाची वेळ धरून तुळजापूर, अक्कलकोट, उमरग्याकडं जाणारी एसटी विमानतळाच्या दारातून सुटली, तर निम्मा प्रश्न मिटेल. त्याला नवी धावपट्टी लागत नाही.

माझी भाची न्यू जर्सीत असते. मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. जाताना सोळा तासांच्या आसपास, येताना तास-दोन तास कमी. कारण तिकडं उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचं वारं वाहतं, ते विमानाला मागून रेटतं. हे ऐकून दाजी म्हणाले, "मग मुंबई-जळकोटला का रेटत नाही?" हसलो सगळे, पण मुंबईत उतरल्यावर गाडीनं आठ-नऊ तास काढून बघा, म्हणजे दाजींचं दुखणं कळेल.

म्हणून आमच्याकडची परदेशातली पोरं हैदराबादला उतरतात. शमशाबादहून आउटर रिंग रोडनं पटनचेरूला निघायचं, शहरात शिरायचंच नाही. पुढं जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, सरळ ६५ नंबरचा हायवे. वाटेत तेलंगणा आणि कर्नाटक, तरी घर मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. निजामाची सत्ता १९४८ ला गेली, १९५६ ला आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला. लांबचं विमान धरायचं म्हटलं की मात्र गाडीचं तोंड अजून हैदराबादकडंच.

परदेशी जाणारी बरीच विमानं मुंबईहून रात्री सुटतात. सोलापूरच्या विमानाची सांगड त्यांच्याशी घातली, सामान थेट पुढं गेलं, तर आम्हीही सोलापूरला येऊ. येत्या दिवाळीला भाची येतेय. तिकीट काढून झालं, हैदराबादचंच.