भाड्याचे गाडगेबाबा

२३ फेब्रुवारी, गाडगेबाबांची जयंती. मुलाच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. दुकानात विचारलं तर गाडगेबाबांच्या ड्रेसचं भाडं ३०० रुपये, वर डिपॉझिट वेगळं. चिंध्यांना भाडं! हसावं की रडावं कळेना.

मग घरीच बसलो. जुन्या सदऱ्यावर आईच्या विरलेल्या साडीचे तुकडे टाचले, पुठ्ठ्याचं खापर केलं, कानाला दोऱ्याने कवडी अडकवली, हातात अंगणातला खराटा. खर्च म्हणाल तर कवडीचे ५ रुपये. चिरंजीव स्टेजवर भाषण विसरले, पण स्टेज मात्र झाडून आले!

त्याच्या वर्गातली दोन मुलं त्या दिवशी आलीच नाहीत. ड्रेसला पैसे नव्हते. ताट नसलं तर हातावर भाकरी खा, पण पोरांना शिकवा, असं सांगत जो माणूस गावोगाव फिरला, त्याच्याच जयंतीला पोरं घरी.

शाळांना हात जोडून विनंती, सूचनेत एक ओळ घाला: पोशाख घरातल्या वस्तूंचाच हवा, भाड्याचा चालणार नाही. आणि पालकहो, नंबर नाही आला तरी चालेल, पण दुकानाची पायरी चढू नका.

बघा पटतंय का.