तुमचा सण्डे कुणी मिळवला?

सण्डेला दहा वाजेपर्यंत लोळायचं, मग मस्त ब्रंच, संध्याकाळी पिक्चर. विकेण्ड म्हणजे आपला जन्मसिद्ध हक्कच! पण मुंबईच्या गिरणी कामगारांना हा रविवार कुणी सहजासहजी दिला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन उभी केली, सभा घेतल्या, सह्या जमवल्या. १८९० मध्ये मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

याच लोखंडेंच्या हाती 'दीनबंधू' नावाचं छोटंसं पत्र होतं. म्हणजे कामगारांची गोष्ट आपणच लिहायची, आपणच वाटायची, ही आयडिया काही नवी नाही. आज तिचं सुटसुटीत रूप म्हणजे झीन. एक ए-फोर कागद घ्या, घड्या घालून आठ सारखे भाग पाडा, मधोमध एक काप द्या आणि दुमडा. झालं आठ पानांचं पुस्तक! चित्रं काढा, फोटो चिकटवा, हाताने लिहा आणि झेरॉक्स मारा.

आता खरा मुद्दा. लोअर परळला ऑफिस असेल, तर तुम्ही रोज एखाद्या जुन्या गिरणीच्या आवारात पंच करता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच्या आठवणी कुठल्याही सर्व्हरवर सेव्ह केलेल्या नाहीत, बॉस!

म्हणूनच बिल्डिंगमधल्या, गल्लीतल्या टीनएजर्सना गोळा करा. सुट्टीतले चार रविवार पुरेत. पहिल्या रविवारी लालबाग-परळमधून पायी फेरी, दुसऱ्या रविवारी आजी-आजोबांशी गप्पा, तिसऱ्या रविवारी चित्रं आणि लिखाण, चौथ्या रविवारी वाटप. फक्त 'संप कसा होता?' एवढंच विचारू नका. भोंगा किती वाजता व्हायचा? साचेखात्यात एवढ्या आवाजात एकमेकांशी कसं बोलायचे? बदली कामगाराला त्या दिवशी काम मिळालं नाही, तर घरी काय शिजायचं? आणि खानावळवाल्या बायकांना विसरू नका. एकट्या राहणाऱ्या कामगारांचं जेवण त्यांच्याच हातात होतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशाच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

दोन नियम मात्र पाळा. नाव किंवा फोटो छापण्याआधी परवानगी घ्यायची. आणि पहिली कॉपी ज्यांनी गोष्ट सांगितली, त्यांच्याच हातात द्यायची. काही चुकलं असेल, तर ते तिथल्या तिथे सांगतील.

पंधरा वर्षांच्या पोरांना इतिहास बोअर वाटतो, असं म्हणतात. पण समोरच्या चाळीतले आजोबा 'इथे माझा साचा होता' म्हणत एका चकाचक लॉबीकडे बोट दाखवतात, तेव्हा बोअर कोण होणार? या विकेण्डला ब्रंच थोडा उशिरा करा. कागद आणि कात्री घेऊन खाली उतरा!