मनगटावरचा मापक किती खरा?

पावले मोजणारा पट्टा आता सावलीसारख्या गावातही मनगटावर दिसतो. पण हा पट्टा पाय पाहत नाही. त्यातील त्वरणमापक हाताचे हेलकावे टिपतो आणि त्यांवरून पावलांचा अंदाज बांधतो. म्हणून हँडल घट्ट धरून सायकलने शाळेत येणाऱ्याचे श्रम पावलांत फारसे उमटत नाहीत. दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या आईची मेहनतही त्याला नीट कळत नाही.

नाडीसाठी तो त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त तो शोषते, त्यामुळे परतणारा प्रकाश ठोक्यागणिक कमी-अधिक होतो. स्वस्थ बसल्यावर हे मापन बरे जमते. पट्टा सैल असला किंवा हात हलला की चुकते.

दहा हजार पावलांचा दंडकही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाचे ते नाव होते!

मग पट्टा निरुपयोगी का? मुळीच नाही. बैठ्या माणसाला तो उठवतो. कालच्या आणि आजच्या चालण्याची तुलना करून देतो. मात्र आकडा लहान म्हणून आईचे कष्ट लहान ठरवू नका. घड्याळ लावून १५ सेकंद नाडीचे ठोके मोजा, चारने गुणा आणि पट्ट्याशी ताडून पाहा. उपकरण जरूर वापरावे, पण त्याची मर्यादा ओळखून.