शाळेच्या फाटकाबाहेरचा रकाना

यूडायस प्लस या शालेय माहिती प्रणालीचा अर्ज भरताना मुख्याध्यापकांना शाळेची बारीकसारीक माहिती द्यावी लागते. वर्गखोल्या किती, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, ते वापरात आहे का, रॅम्प, कुंपण, वीज, ग्रंथालय. २०२२-२३ पासून तर शाळेच्या बेरजांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. एवढ्या मोठ्या अर्जात वाटेची चौकशी मात्र अंतर आणि बारमाही रस्ता यांपुढे फारशी जात नाही. दुपारच्या सत्राची शाळा हिवाळ्यात सुटते तेव्हा रस्त्यावर दिवे लागलेले असतात का, बसथांब्यावर घोळका कोणाचा असतो, कोणता बोळ टाळण्यासाठी मुली लांबचा वळसा घेतात, हे कुठेच उमटत नाही.

दुसरीकडे, स्त्रियांच्या नजरेतून रस्त्याची पाहणी करण्याची पद्धत चांगली रुळली आहे. टोरोंटोतील ‘मेट्रॅक’ संस्थेने १९८९ मध्ये ती सुरू केली, दिल्लीत ‘जागोरी’ने ती आपल्या रस्त्यांवर आणली, आणि २०१३ मध्ये आलेल्या ‘सेफ्टीपिन’ अॅपने उजेड, मोकळेपणा, पदपथ, माणसांची वर्दळ, त्यांतील स्त्रियांचे प्रमाण अशा नऊ निकषांवर ती बसवली. पण शहरभरची विदा गोळा करण्यासाठी गाडीवर कॅमेरा लावून केलेली पाहणी गाडी जाईल तिथवरच पोहोचते. वस्तीतून शाळेकडे जाणारी पायवाट तिच्यातून सुटते. शाळेची विदा फाटकाशी थांबते, शहराची विदा हमरस्त्याशी. मधला टप्पा, म्हणजे मुलीचा रोजचा प्रवास, दोन्हींच्या हिशेबाबाहेर राहतो.

या टप्प्याची किंमत किती, हे अभ्यासांनी दाखवले आहे. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या निवडी तपासल्या. अधिक सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी मुली गुणवत्तेने वरच्या पाचव्या हिश्श्यातले महाविद्यालय सोडून खालच्या निम्म्यातले पत्करायला तयार होतात, असे त्यात आढळले. उलट बाजूही आहे. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. माध्यमिक प्रवेशातील मुलगे-मुलींमधली दरी त्यामुळे सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली, असा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातील, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बसगाड्यांमागे हाच विचार आहे. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली तेव्हाही सावित्रीबाईंना शेणमातीचा मारा सोसावा लागला तो शाळेच्या वाटेवर.

म्हणून प्रणाली घडवणाऱ्या आणि रस्ते आखणाऱ्या अशा दोन्ही वाचकांना आमचे सांगणे एकच आहे: शाळेची वाट हा शाळेच्या माहितीचा भाग माना आणि ती माहिती वॉर्ड ऑफिसपर्यंत पोहोचवा.

हे करताना नोंदीचे एकक काय ठेवायचे, हा सर्वांत नाजूक निर्णय आहे. मुलीचे नाव किंवा ओळख क्रमांक इथे नकोच. नोंद रस्त्याच्या तुकड्याची हवी: अमुक चौक ते तमुक नाका, वेळ, अडचण. आपल्याकडे छेडछाडीची तक्रार घरी पोहोचली की पहिला उपाय बहुतेकदा मुलीची शाळा बंद करण्याचा असतो. एखाद्या प्रणालीने ती तक्रार नावानिशी साठवली आणि पालकांच्या मोबाइलवर धाडली, तर सुरक्षिततेच्या नावाखाली तीच प्रणाली गळतीचे कारण होईल. दप्तरात जीपीएस ठेवणे, प्रत्येक वळणावर मुलीचा माग काढणे यांनी रस्ता सुधारत नाही. पाळत मात्र वाढते. मुलांच्या विदेबाबत २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत, पण कायद्यात पळवाट सापडते म्हणून आपण ती वापरू नये. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईविषयी हेच ठासून सांगितले आहे: संरक्षणाच्या अटीवर मिळालेला वावर हा हक्क ठरत नाही.

नोंद भरायची कोणी? मुलींनीच. शाळांमधील सखी सावित्री समित्यांच्या मदतीने सातवी ते दहावीच्या मुलींनी गटाने वाट चालावी आणि नकाशावर खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेला क्रमांक मिळावा, ती विद्युत, रस्ते किंवा परिवहन विभागाकडे जावी आणि काय झाले याचे उत्तर ठरलेल्या मुदतीत शाळेला यावे. उत्तराची सोय नसलेला अर्ज म्हणजे मुख्याध्यापकांच्या डोक्यावर आणखी एक ओझे.

पुढचे काम नगररचनाकारांचे. शाळेभोवतीच्या लांबलचक बंद भिंती, झाडात लपलेले दिवे, पदपथावरची वाहने ही नेहमीची दुखणी आहेत. फेरीवाले हटवून रस्ता ‘मोकळा’ करण्याआधी, संध्याकाळी तिथे जाग कोणामुळे असते हे पाहायला हवे. नीट पाहिले तर आराखडा बदलतो. साधारण दहाव्या वर्षानंतर मुली उद्यानात येणे सोडतात, हे व्हिएन्नात पाहणीतून कळले. त्यानंतर १९९९ पासून मार्गारेटेन भागातील दोन उद्यानांची आखणी बदलली आणि मुली परत येऊ लागल्या.

जूनमध्ये शाळा पुन्हा भरतील. राज्यस्तरीय पोर्टलची वाट न पाहता आपल्यापैकी प्रत्येकाने एक शाळा आणि तिचा वॉर्ड निवडावा. प्रणालीकाराने नाव न घेणारा साधा अर्ज तयार करावा, रचनाकाराने नकाशा द्यावा, आणि दोघांनी मिळून पहिल्या सत्रात निदान एका वाटेवरची कामे पुरी करून घ्यावीत. कोणत्या कामाला किती दिवस लागले आणि कोणत्या खात्यात ते अडले, हे आम्हाला कळवा. ते अनुभव आम्ही छापू, म्हणजे दुसऱ्या गावच्या वाचकांना सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.